जुना ट्रक मिसिंग करू लागला की

महाराष्ट्रात ट्रकमालक म्हटलं की अजूनही पुष्कळदा एकाच गाडीचा मालक भेटतो. गाडी रात्री दारातच उभी असते, हप्ते केव्हाच फिटलेले असतात आणि तिच्या भाड्यावर घर चालतं. कुणाची टाटा ४०७, कुणाची १२१० किंवा १६१३, कुणाची महिंद्राची जुनी डीआय पिकअप. अशी गाडी एखाद्या सकाळी स्लोवर थरथरायला लागते, ठोके चुकवते, धूर टाकते, भरलेली असली की चढाला दम सोडते. मग चार जण चार सल्ले देतात आणि त्यातला सगळ्यात खर्चिक सल्ला बहुधा मान्य होतो: पंप-नोझल करून टाका. माझं म्हणणं असं की पंप-नोझलची पाळी बऱ्याचदा यायलाच नको. दोष पुष्कळदा टाकी ते फिल्टर या स्वस्त टप्प्यात असतो, आणि तो शोधायला लागणारं सामान थोडं असतं. क्रम मात्र पाळावा लागतो.

हा आढावा फक्त यांत्रिक पंपाच्या डिझेल गाड्यांचा आहे. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत आणि त्याआधीच्याही काही गाड्यांत, रेलमधला दाब हजार बारच्या पुढे जातो. पुढे सांगितलेली पाइप ढिला करण्याची चाचणी अशा गाडीवर केली तर जीवावर बेतेल. तिथे स्कॅनर लावणाराच गाठावा. पेट्रोलच्या जुन्या जीप आणि पिकअपबद्दल एवढंच: प्लग, पॉइंट, कंडेन्सर, हाय टेन्शनच्या वायरी आणि कार्बोरेटरखालच्या गॅसकेटमधून घुसणारी हवा, या क्रमाने बघत जावं. इथेनॉलमिश्रित पेट्रोल आल्यापासून जुने रबरी पाइप आणि डायफ्राम हीसुद्धा तपासण्याची जागा झाली आहे.

जुनी डिझेल इंजिनं घरी तपासता येतात ती त्यांच्या सरळ रचनेमुळे. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये डिझेलचा इंजेक्शन पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला घेतला आणि पुढे अनेक दशकं त्याची मूळ मांडणी तीच राहिली. प्रत्येक सिलिंडरला पंपात एक प्लंजर, प्रत्येक प्लंजरपासून एक पोलादी पाइप, प्रत्येक पाइपच्या टोकाला एक नोझल. टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये डायम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार १९६९ मध्ये संपला, तरी बेंझच्या जातकुळीतलं सहा सिलिंडरचं ६९७ इंजिन, ९७ मिलिमीटर बोअरचं आणि ५६७५ सीसीचं, नंतरही वर्षानुवर्षं आपल्या रस्त्यांवर राहिलं. १९८६ मध्ये ४०७ आली. तिचं ४९७ इंजिन त्याच बोअरचं, पण चार सिलिंडरचं आणि २९५६ सीसीचं. पंप आणि नोझल मायकोचे. १९५१ मध्ये बंगळूरला सुरू झालेली ही कंपनी २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाली, नोझल तिच्या नाशिकच्या कारखान्यात बनत आले. गॅरेजमध्ये मात्र अजून मायकोचा पंप असंच म्हणतात. या सगळ्या इंजिनांत सिलिंडर एकमेकांपासून वेगळे काढून तपासता येतात. विहिरीवर किर्लोस्करचं ऑइल इंजिन चालवलेल्या शेतकऱ्याला यातली निम्मी विद्या आधीच येते. हवा काढणं म्हणजे काय हे त्याला शिकवावं लागत नाही.

पहिलं हत्यार कान, पण काय ऐकायचं ते ठरवून ऐकलं पाहिजे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. स्लोवर ७०० आरपीएम धरले तर एक सिलिंडर मिनिटाला ३५० वेळा पेटणार, म्हणजे सेकंदाला साधारण सहा वेळा. एकच सिलिंडर मेला असेल तर चूक याच ठेक्यात येते. ती नियमित असते, थांबत नाही, आणि रेस दिली की फक्त जलद होते. उलट इंजिन दोन-तीन सेकंदांच्या लाटेत वर-खाली होत असेल, मधेच सुधारून मधेच गुदमरत असेल, तर दोष एका सिलिंडरचा नाही. तो सगळ्यांना मिळणाऱ्या डिझेलचा किंवा पंपाच्या गव्हर्नरचा आहे. हा एवढा फरक ओळखला तरी अर्धं काम होतं. तरीही तो ओळखायच्या आधीच पाना हातात घेतला जातो.

बिघाड केव्हा होतो हेही लिहून ठेवावं. थंड असतानाच मिसिंग आणि पाच मिनिटांत साफ, तर एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी असेल किंवा एखादा नोझल नीट फवारत नसेल. गाडी भरलेली असताना चढालाच दम सोडते, तर फिल्टर किंवा एअर क्लीनर. तासभर नीट चालून मग मरगळते आणि थोडं थांबलं की पुन्हा नीट होते, तर टाकीचं झाकण उघडून बघावं. आत हवा ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं भोक बुजलं आहे. टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही. गरम इंजिन सेल्फ मारून लवकर चालू होत नसेल तर मात्र पंपाचे प्लंजर झिजल्याची शंका घ्यावी, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून निसटतं.

धुराच्या रंगावर आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवला जातो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. त्याला गळका नोझल कारण असू शकतो, तसा धुळीने भरलेला एअर क्लीनरही, आणि एअर क्लीनर काढून बघायला पाच मिनिटं पुरतात. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल; नाकाला झोंबतो. कॉम्प्रेशन कमी असलं किंवा टायमिंग मागे गेलं असलं की तो येतो, आणि पावसाळ्यातल्या थंड सकाळी निरोगी जुन्या इंजिनातूनही मिनिटभर येतो. वाफ वेगळी. ती सुरूच राहिली आणि रेडिएटरचं पाणी कमी होऊ लागलं तर हेड गॅसकेटकडे बघावं लागतं. निळसर धूर ऑइल जळल्याचा. रंगावरून दिशा मिळते, निदान होत नाही.

आता मुख्य भाग, टाकीपासून पंपापर्यंतचा. इथे दाब कमी असतो, सांधे पुष्कळ असतात आणि दोषही पुष्कळ. टाकीतली जाळी, रबरी पाइप, फीड पंपाचे व्हॉल्व्ह, फिल्टरच्या वाटीची रिंग, बेंजो बोल्टखालचे तांब्याचे वायसर. टाकी ते फीड पंप या टप्प्यात डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. म्हणून इथे चीर पडली तर डिझेल बाहेर गळेलच असं नाही. बाहेरची हवा आत जाते. गळती दिसत नाही म्हणून पाइप चांगला, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. प्लंजर हवाच दाबत बसतो आणि नोझल उघडतच नाही. इंजिन लाटेत वर-खाली होतं, रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी हवा काढल्याशिवाय चालू होत नाही.

हे पकडायचा उत्तम उपाय म्हणजे हातभर पारदर्शक प्लास्टिकचा पाइप. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये तो तात्पुरता जोडावा आणि इंजिन चालू करून बघावं. बुडबुड्यांची रांग दिसली की हवा मागून कुठून तरी येते आहे. मग तोच पाइप फीड पंपाच्या आधी लावून बघावा. दुसरी चाचणी याहून निर्णायक आहे. स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्यावं, कॅन पंपाच्या वर टांगावा, एक्झॉस्टपासून लांब, आणि त्यातून थेट फीड पंपाला डिझेल द्यावं. इंजिन सुरळीत चाललं तर टाकी, जाळी आणि मागची लाइन यांतच दोष आहे, पंप-नोझलला हात लावायचं कारण नाही. कॅनवरही तसंच मिसिंग राहिलं तर मागची सगळी लाइन निर्दोष सुटली.

फिल्टर तर आधी बदलावाच. तो किती दिवसांपूर्वी बदलला हे आठवत नसेल तर बदलायची वेळ होऊन गेली आहे. वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून काचेच्या बरणीत डिझेल घ्यावं आणि थोडा वेळ ठेवावं, पाणी असेल तर खाली बसतं. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात अर्धी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर जमून खाली उतरते, म्हणून तिथे मुक्कामाला टाकी भरलेली बरी. रोटरी पंपाच्या गाड्यांत तर पाण्याची गयच करू नये, कारण त्या पंपाला वंगण म्हणून दुसरं काही नसतं, आतून वाहणारं डिझेलच असतं. लाइन पंपाच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेल्या पंपाच्या, कॅमला निदान ऑइल मिळतं. हे सगळं झाल्यावर हवा काढावी. आधी फिल्टरचा स्क्रू सोडून हँड प्राइमर मारत राहायचं, बुडबुडे संपले की आवळायचा, मग पंपाचा स्क्रू. या टप्प्यातला एक भाग कायम विसरला जातो, तो म्हणजे पंपाचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. त्याची स्प्रिंग मेली की पंपातला दाब टिकत नाही आणि चांगला पंप खराब असल्यासारखा वागतो.

एवढ्यावर दोष सापडला नाही, आणि मिसिंग त्या नियमित ठेक्यातलं असेल, तर कोणता सिलिंडर मेला ते शोधायचं. रूढ पद्धत अशी: इंजिन स्लोवर ठेवून एका नोझलवरचा पाइपाचा नट थोडा ढिला करायचा. इंजिनचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. नट आवळून पुढच्याकडे जायचं. पद्धत जुनी आहे, खरी आहे, आणि तिच्यातला धोका कमी लेखला जातो. या गाड्यांत नोझल साधारण २०० बारच्या आसपास उघडतो आणि पाइपातला दाब त्याच्याही वर जातो. त्या दाबाची बारीक धार कातडीत शिरते. जखम सुईच्या टोचण्याएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत बोट काढून टाकायची पाळी येऊ शकते. असं झालं तर घरगुती उपचार न करता तडक मोठ्या हॉस्पिटलात जावं आणि डिझेलची धार आत गेली आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. नट ढिला करताना त्यावर जाड कापड, हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा हवा. गळती बोटाने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची. गाडी न्यूट्रलला, चाकांना दगड, केबिन उचलली असेल तर तिचं लॉक बसलेलं, शेड बंद नाही, आणि पंपावरचा स्टॉपचा दांडा कुठे आहे ते आधी हाताने चालवून बघितलेलं.

ज्यांना ही चाचणी नको त्यांच्यासाठी आता चांगला पर्याय आहे. इन्फ्रारेड थर्मामीटरने थंड इंजिन चालू केल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डची प्रत्येक शाखा मोजावी. मेलेल्या सिलिंडरची शाखा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट थंड राहते. कोविडच्या काळात घरोघर आलेला कपाळाचा थर्मामीटर मात्र इथे चालणार नाही, तो माणसाच्या तापापुरतंच मोजतो. कारागिरांच्या वापराचा घ्यावा. मी नेहमी याच पद्धतीची शिफारस करतो. तिच्यात आकडे मिळतात, ते वहीत लिहिता येतात, आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजून तुलना करता येते.

मेलेला सिलिंडर सापडला की प्रश्न उरतो: त्याला डिझेल मिळत नाही, की मिळूनही जळत नाही? संशयित नोझल काढून शेजारच्या सिलिंडरला लावावा, शेजारचा इकडे आणावा, खालचं वायसर नवीन टाकावं. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल वाईट. तिथेच राहिला तर नोझल सुटला. वायसर सोडलं तर एकही नवीन भाग विकत न घेता मिळणारं हे उत्तर आहे, आणि तरीही हा अदलाबदलीचा टप्पा सर्रास वगळून चारही किंवा सहाही नोझल बदलले जातात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं तिथे होतं. नोझलचा दाब आणि फवारा हातपंपाच्या टेस्टरवर बघतात. तो घरी नसला तरी सुटा नोझल पंपवाल्याकडे नेऊन आपल्यासमोर तपासून घेता येतो. फवारा धुक्यासारखा बारीक हवा, आणि दाब सोडल्यावर टोकाला थेंब राहायला नको.

दोष सिलिंडरपाशीच राहिला तर पुढे टॅपेट. व्हॉल्व्हची फट फिलर गेजने मोजणं घरी सहज होतं. इनलेट आणि एक्झॉस्टची मापं वेगळी असतात, ती गाडीच्या पुस्तकातून घ्यावीत, कुणाच्या तोंडून नाही. फट शून्याला गेली असेल तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, जळतो, आणि कॉम्प्रेशन जातं. टॅपेटचा आवाज करणाऱ्या इंजिनाची सगळ्यांना काळजी वाटते, पण खरी काळजी आवाज बंद झालेल्या टॅपेटची करायला हवी. कॉम्प्रेशन मोजायचं तर डिझेलचाच गेज हवा, पेट्रोलचा तुटेल. चांगल्या डिझेल इंजिनात आकडा साधारण २५ ते ३० बार येतो. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो. शेजारचे दोन एकदम कमी निघाले तर त्यांच्यामधलं हेड गॅसकेट गेलं असण्याची शक्यता मोठी. एकटाच कमी निघाला तर व्हॉल्व्ह किंवा रिंग. गेज नसेल तर ऑइल भरायचं झाकण काढून उलटं त्या तोंडावर ठेवावं. इंजिन चालू असताना झाकण उडत असेल तर रिंगा आणि बोअर यांतून जळालेला वायू खाली येतो आहे. या टप्प्यावर घरचं काम संपलं. हेड उतरवणं, पंप खोलणं, पंपाचे प्लंजर सारखे करणं ही बेंचवरची कामं आहेत, अंगणात करायची नाहीत. कानाने टायमिंग पुढे-मागे करण्याची जी पद्धत आहे ती तर पिस्टनलाच भोवते. पंपाच्या जोडावरच्या खुणा जुळतात का आणि तिथले बोल्ट घट्ट आहेत का एवढं बघावं आणि हात काढून घ्यावा.

कधी कधी इंजिन निर्दोष असतं आणि गाडी तरीही थरथरते. फाउंडेशनचं रबर बसलेलं किंवा फाटलेलं असतं, पंख्याचं एक पातं तुटलेलं असतं, किंवा थरथर क्लच दाबल्यावरच बदलते. जिला थरथर आहे पण धूर नाही, ताकद कमी नाही आणि एक्झॉस्टचा ठेका साफ आहे, त्या गाडीचं फाउंडेशन आधी बघावं.

बाटलीतल्या औषधांबद्दल मतं दोन आहेत. नोझल साफ करणारी द्रव्यं सौम्य कार्बनवर थोडा उपयोग करतात, हे मान्य. झिजलेला नोझल, फुटलेला पाइप किंवा जळालेला व्हॉल्व्ह त्यांनी बरा होत नाही. डिझेलमध्ये रॉकेल मिसळून इंजिन साफ होतं ही समजूत मात्र सरळ नुकसानीची आहे. रॉकेलला डिझेलएवढं वंगण नाही, आणि प्लंजरला त्या वंगणाशिवाय दुसरा आधार नाही. स्वस्तात मिळणाऱ्या, कुठून आलं ते न सांगणाऱ्या इंधनाचंही तसंच. लिटरमागे वाचलेले पैसे पंपाच्या बिलात जातात.

हे सगळं आता पूर्वीपेक्षा निकडीचं झालं आहे. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. बीएस-चारच्या आधीच्या डिझेल गाडीला पीयूसीच्या तपासणीत धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट आहे, आणि मिसिंग करणारं इंजिन ती सहज ओलांडतं. २०२१ मध्ये स्क्रॅपिंगचं धोरण आल्यापासून जुन्या गाडीच्या मालकाला वाटणारी भीती मी समजू शकतो, पण धूर टाकणारी गाडी तशीच चालू द्यावी हा त्यावर उपाय नाही. त्या धुरात शेजारची मुलंच श्वास घेतात. ज्या गाडीचं इंजिन नीट जळतं तिला रस्त्यावर राहण्याचा हक्क सांगता येतो.

म्हणून ट्रकमालकांना विनंती अशी: गाडीत एक वही ठेवा. फिल्टर कधी बदलला, मॅनिफोल्डच्या प्रत्येक शाखेचं तापमान किती आलं, टॅपेट कधी बघितलं, ते तारखेसह लिहा. पंप कॅलिब्रेशनला द्यावाच लागला तर वहीतल्या नोंदी दाखवून द्या, बेंचवर प्रत्येक प्लंजरने किती डिझेल दिलं त्याचे आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर मागा, आणि बदललेले जुने भाग परत घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.